निर्बंधांचा जाच : चंद्रपूर-गडचिरोलीचा अनुभव

कोरोनाच्या साथीविषयी आतापर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे. किती लोक बाधित झाले, किती दगावले, किती जणांना लस टोचली गेली, याचे आकडे शासनदरबारी आहेत. परंतु मार्च २०२० पासून मार्च २०२२ अखेरपर्यंत जे निर्बंध कधी कडक, कधी सैल, पण चालूच राहिले, त्यांच्याखाली सामान्य माणूस रोज कसा जगला आणि कशाने त्रासला, याचे रजिस्टर कोणी ठेवलेले नाही. जिवावर बेतलेल्या दुःखापुढे हा त्रास किरकोळ वाटतो, म्हणून लोक तो बोलूनही दाखवीत नाहीत. आज महाविद्यालयात शिकणारे आपले विद्यार्थी त्या वेळी शाळेत होते. त्यांच्या पाठीमागून येणाऱ्यांना तर हे सर्व ऐकीव वाटेल. म्हणून हा विषय येथे जरा सविस्तर मांडत आहोत.

आधी कायदा समजून घेऊ. टाळेबंदी ज्या दोन कायद्यांच्या आधाराने लागू झाली, त्यांपैकी एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि दुसरा १८९७ चा साथरोग कायदा. हा दुसरा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने केला. मुळात अवघ्या चार कलमांचा असलेला हा कायदा सरकारला जवळजवळ वाटेल तो आदेश काढण्याचा अधिकार देतो. लोकांना काय द्यावयाचे, याबद्दल मात्र त्यात फारसे काही नाही. ज्या वर्षी तो झाला त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. एकाच साथीला सरकार कसे सामोरे गेले आणि सावित्रीबाई कशा सामोऱ्या गेल्या, यातील फरक विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा.

२४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. एकवीस दिवस म्हटल्यावर लोकांनी मनाची तयारी केली. घरात तांदूळ किती, तेल किती, याचा हिशेब केला. मग ती ३ मेपर्यंत वाढली, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत. जूनपासून निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल होऊ लागले आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सर्व बंद झाले. आमच्या मते माणसाला सर्वांत जास्त थकविले ते या अनिश्चिततेने. दुष्काळात माणूस पावसाळ्यापर्यंतचे दिवस मोजतो. तुरुंगातल्या माणसालाही आपली सुटकेची तारीख ठाऊक असते. येथे मात्र मुदत संपत आली की नवी मुदत येई. आज दुकान किती वाजेपर्यंत उघडे, लग्नाला किती माणसे चालतील, तालुक्याला जाता येईल की नाही, याचे उत्तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असे. खरा आदेश कोणता आणि मोबाईलवर फिरणारा खोटा कोणता, हे ओळखणे शिकलेल्या माणसालाही जमत नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की हे नियम शहरातील घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते. "घरात राहा" या आज्ञेत घर म्हणजे चार खोल्या, नळ, पंखा आणि महिन्याचा पगार असे गृहीत होते. आपल्याकडे सात माणसे एका खोलीत आणि सपरीत राहतात. पाणी हातपंपावरून आणावे लागते. घरात कोणी आजारी पडले तर त्याला वेगळे ठेवायचे ते कोठे? वारंवार हात धुण्यास सांगणाऱ्याने उन्हाळ्यातील हातपंपावरची रांग पाहिलेली नसावी.

त्यातही टाळेबंदीची वेळ आपल्या भागासाठी फार वाईट होती. मार्च-एप्रिल हा मोहफुलांचा हंगाम. फूल पहाटे गळते आणि ते त्याच सकाळी वेचावे लागते, कारण पडून राहिले की सडते. त्याला मुदतवाढ नाही. मोहफूल म्हणजे केवळ दारू, असा गैरसमज शहरात आहे. प्रत्यक्षात जंगलालगतच्या कुटुंबाला उन्हाळ्यात हाती रोकड देणारी ही पहिली वस्तू. १६ एप्रिल २०२० च्या आदेशाने केंद्र सरकारने गौण वनोपज गोळा करण्यास सूट दिली खरी, पण तोवर मोहाचा बहर बहुतांशी आटोपला होता. शिवाय ज्यांनी चोरून-लपून वेचले त्यांना विकायला आठवडी बाजार नव्हता. आठवडी बाजार हा या भागाचा प्राण आहे. तेथे मोह विकला जातो, मीठ-मिरची-कापड घेतले जाते, सोयरिकी ठरतात आणि पलीकडल्या गावच्या लेकीची खुशालीही तेथेच कळते. तो महिनोन् महिने बंद राहिला.

त्यानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचे एक पुडके, अशी हजार पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी. पंधरा-वीस दिवसांत, पाऊस येण्याआधी, हे काम उरकावे लागते. २०२० मध्ये सूट होती, तरी बाहेरचे ठेकेदार येण्यास कचरत होते. त्यामुळे ज्या ग्रामसभा वनहक्क व पेसा कायद्यांच्या आधारे स्वतः पत्ता विकतात, त्यांना भावासाठी झगडावे लागले. आणि जंगलात जाणे तसेही बिनधोक नाही. मोह वेचताना, पत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मरण्याच्या घटना चंद्रपूर जिल्ह्यात त्या काळातही घडल्याच. रोगाला भिऊन घरात बसणे ही ज्याला परवडते त्याची गोष्ट आहे.

मिरची तोडणाऱ्यांचे हाल याहून वाईट. मूल, सावली, पोंभुर्णा, गोंडपिपरी आणि गडचिरोलीच्या अनेक गावांतून दरवर्षी मजूर, विशेषतः भूमिहीन कुटुंबे, तेलंगणात मिरची तोडायला जातात. धान निघाले की जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, असा क्रम. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ही माणसे शेतातच होती. गाड्या बंद, सीमा बंद. पुष्कळांनी लेकराबाळांसह पायी वाट धरली. वर्धा आणि प्राणहिता ओलांडून, आडवाटेने जंगलातून ती आली आणि गावाजवळ पोहोचल्यावर गावानेच वेशीवर आडवी लाकडे टाकलेली त्यांना दिसली. चौदा दिवस शाळेच्या इमारतीत राहा, असे त्यांना सांगण्यात आले. गावाचे भय खोटे नव्हते. साथीत गाव बंद करणे ही जुन्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. पण आपल्याच घरासमोरच्या शाळेत, आपल्याच माणसांनी दूर उभे राहून दिलेली भाकर खाणे काय असते, हे आपल्या समाजाने वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवू नका, जवळ येऊ नका, हे शब्द आमच्या आज्या-पणज्यांनी रोग नसतानाही ऐकले होते. म्हणून "सामाजिक अंतर" या शब्दाला आमचा तेव्हाही आक्षेप होता, आजही आहे. "शारीरिक अंतर" म्हटले असते तरी काम भागले असते.

विशेष म्हणजे १ मे २०२० रोजी केंद्राच्या यादीत महाराष्ट्रातील जे सहा जिल्हे हिरव्या रंगात होते, त्यांत गडचिरोली होता. तेथे त्या दिवसापर्यंत एकही रुग्ण नव्हता. रोग आला नव्हता, पण जाच सगळा येऊन पोहोचला होता.

शिक्षणाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. २०२० च्या दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो झालाच नाही. सरासरीने गुण दिले गेले. पुढच्या वर्षी तर दहावी-बारावीची परीक्षाच रद्द झाली. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" अशी घोषणा झाली. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांत कित्येक गावांत मोबाईलची रेंजच नाही. मुले टेकडीवर, झाडावर, नाहीतर दोन-तीन किलोमीटर दूर सडकेवर जाऊन उभी राहत. जेथे रेंज होती तेथे घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर कामावर. दोन भावंडांत एक फोन असला की तो मुलाच्या हाती जाई, मुलीच्या नव्हे. हे आपल्याही घरांत घडले आहे. काही शिक्षकांनी घरोघरी जाऊन, झाडाखाली चार-पाच मुले बसवून शिकविले. त्यांचे ऋण मोठे आहे. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडू लागले, मग दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडले आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले. त्यानंतरही पहिली-दुसरीच्या मुलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. तिसरीत गेलेल्या मुलाला बाराखडी येत नाही, असे प्रकार त्यानंतर शिक्षकांना पाहावे लागले. मध्येच ज्यांची शाळा सुटली, ज्या मुलींची लग्ने लावून दिली गेली, त्या परत आल्या नाहीत.

प्रवासाचा घोळ तर विचारू नये. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली. बसमध्ये पास लागत नव्हता, पण स्वतःच्या गाडीने जायचे तर २ सप्टेंबरपर्यंत ई-पास लागत होता! भरलेल्या बसमध्ये रोग पसरत नाही आणि मोटारसायकलवर पसरतो, असे हे शास्त्र. त्याच महिन्याच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि ब्रह्मपुरी, सावली, देसाईगंज, आरमोरी भागातील गावे पाण्याखाली गेली. पूरग्रस्तांना एकाच छताखाली दाटीने राहावे लागले. अंतराचा नियम तेथे कोणी काढला नाही. रोवणीच्या वेळीही बायका बांधीत खांद्याला खांदा लावून वाकल्या होत्या, त्यांनाही कोणी अडविले नाही. लग्नाला मात्र एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसे आणि दोन तास, अंत्ययात्रेला वीस माणसे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या भूमीवर दरवर्षी भरणारा मेळा २०२० मध्ये भरला नाही. १४ एप्रिलची जयंती दोन वर्षे घरातच झाली. धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. विहारे बंद असल्याचे आम्हांस फारसे दुःख नव्हते; वंदना घरीही घेता येते. दुःख होते ते पुण्यानुमोदनाला चार माणसे जमत नसल्याचे. माणूस गेल्यावर रडायलाही सोबत लागते.

झाडीपट्टीच्या नाटकांचेही तेच. दिवाळीपासून गावोगावी जो हंगाम चालतो आणि वडसा येथून ज्याचा कारभार होतो, तो २०२०-२१ मध्ये बुडाला. नट, वादक, पडदेवाले मजुरीला गेले. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. परंतु मधल्या वर्षात पेटी विकून तांदूळ घेण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना कोण ओळखते?

आणि २७ मे २०२१ रोजी, शाळा बंद, विहारे बंद, बाजार अर्धवट असताना, चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ पासूनची दारूबंदी उठविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. बंदी फसली होती की नाही, हा वेगळा वाद आहे. पण बायकांनी मोर्चे काढून मिळविलेली बंदी, त्यांना मोर्चा काढता येणार नाही अशा दिवसांत उठावी, हे आम्हांस खटकले.

निर्बंध निरुपयोगी होते असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या लाटेत चंद्रपुरात खाटा मिळेनात, तेव्हा नातेवाईक रुग्णांना घेऊन तेलंगणापर्यंत गेले. लस आली तेव्हा १८ ते ४४ वर्षे वयाच्या लोकांना सुरुवातीला आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागत होती, आणि खेड्यातील केंद्रावरच्या जागा शहरातील लोक घेऊन जात, हेही झाले. रोग खरा होता. तो आवरण्याचे नियम ठरविताना मोह कधी गळतो, रेंज कोठे आहे, मजूर कोठे गेला आहे, हे कोणीतरी विचारायला हवे होते, एवढेच.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले. मधल्या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झालेला होता आणि तो एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रेंगाळला. त्यामुळे आतल्या गावांतील लोकांना टाळेबंदी संपल्याचे खऱ्या अर्थाने कळले ते बस आली तेव्हा.