बालपियानोवादकांचे परीक्षण

स्पर्धेचे स्वरूप

ब्रिटनमध्ये गावोगावी भरणाऱ्या स्पर्धात्मक संगीत महोत्सवांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली. लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात 1882 मध्ये आणि केंडल परिसरात मेरी वेकफील्ड यांच्या पुढाकाराने 1885 मध्ये असे महोत्सव सुरू झाले. त्यांचा महासंघ 1921 मध्ये स्थापन झाला. केंडलचा भर सुरुवातीला समूहगायनावर होता. पुढे अशा महोत्सवांत पियानोवादन हा मोठा विभाग बनला. मुलांचे वयानुसार किंवा तयारीनुसार गट पाडलेले असतात आणि बहुधा एकच परीक्षक असतो. वादन चालू असतानाच तो अभिप्राय लिहितो आणि गट संपल्यावर सर्वांसमोर बोलून निकाल जाहीर करतो. इतक्या थोड्या वेळात न्याय करायचा, तर नेमके काय ऐकायचे हे आधी ठरलेले असावे लागते. ते ठरवण्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे वाद्याची रचना.

वाद्याची यंत्रणा

पियानोची पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेकडे झेपावते. तारेला स्पर्श होण्याच्या क्षणभर आधी हातोडी पट्टीच्या ताब्यातून सुटते आणि उरलेले अंतर मोकळी जाते. त्यानंतर बोटाने काहीही केले तरी तो आघात बदलत नाही. पेटीवर भात्याने लावलेला सूर मध्येच फुगवता येतो, गळ्यातून मींड घेता येते. पियानोवर यांपैकी काहीच शक्य नाही. सूर उमटताक्षणी विरू लागतो. वादकाच्या हाती उरतात त्या गोष्टी मोजक्याच: हातोडीचा वेग, आघाताची वेळ, पट्टी सोडण्याची वेळ आणि पेडल. ‘रसाळ’, ‘कोरडे’, ‘गाणारे’ अशी जी विशेषणे वादनाला लावली जातात, त्यांचा उगम या चारांतच शोधावा लागतो. परीक्षकाला तो शोधता आला, तरच त्याच्या शेऱ्याचा मुलाला उपयोग होतो.

दोन हातांचा तोल

लहान वादकांच्या वादनात सर्वांत आधी ऐकण्याची गोष्ट म्हणजे तोल. मोझार्टने 1788 मध्ये रचलेल्या आणि स्वतःच्या सूचीत ‘नवशिक्यांसाठी’ अशी नोंद केलेल्या के. 545 या सोनाटाचा आरंभ पाहावा. उजव्या हातात साधी सुरावट आहे आणि डाव्या हातात कॉर्डचे सूर सुटे करून सतत फिरवलेले आहेत. डाव्या हाताच्या सुरांची संख्या जास्त असल्याने दोन्ही हात सारख्याच जोराने चालले, तर सुरावट बुडते. ती वर ठेवायची, तर एकाच वेळी दोन हातांनी हातोड्यांना वेगवेगळा वेग द्यावा लागतो, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी हे खरोखर कठीण काम आहे. बाखच्या दोन स्वररेषांच्या इन्व्हेन्शन्समध्ये प्रश्न वेगळा असतो. तेथे डावा हात साथ करत नाही. उजव्या हाताने मांडलेलाच विषय तो पुन्हा मांडतो. तेथे डावा हात दबलेला राहिला तर रचनाच समजलेली नाही असे मानावे लागते. तोलाचा निकष असा प्रत्येक रचनेबरोबर बदलतो. म्हणून गटातील सर्व रचनांची स्वरलिपी परीक्षकासमोर असणे आवश्यक आहे.

लय

वेगवान वादन श्रोत्यांना आवडते, पण वेग हा स्वतंत्र गुण नाही. वर उल्लेखलेल्या सोनाटात पाचव्या मात्राखंडापासून जलद स्केल सुरू होतात. आरंभीचे लांब सूर पाहून मुलाने चढी लय धरली, तर चार खंडांतच ती निभेनाशी होते. बोटे अडखळतात आणि लय घसरते. अडखळणे पाचव्या खंडात ऐकू येते, चूक मात्र पहिल्याच खंडात झालेली असते. असा शेरा मिळाला, तर घरी नेमके काय दुरुस्त करायचे ते विद्यार्थ्याला कळते. स्वरवाक्याच्या शेवटी घेतलेला किंचित श्वास आणि अवघड जागा आली म्हणून लागलेला ब्रेक यांतही फरक करावा लागतो. पहिला प्रकार पुनरावृत्तीतही त्याच जागी येतो, दुसरा सहसा येत नाही.

पेडल

उजवे पेडल दाबले की तारांचा नाद थांबवणारे सर्व डँपर उचलले जातात आणि सूर एकमेकांत मिसळू लागतात. कॉर्ड बदलताना पेडल सोडून लगेच पुन्हा दाबावे लागते. उशीर झाला तर जुना कॉर्ड नव्यात झिरपतो. पेडल कानाने वापरले जात आहे की सवयीने, हे अशा जागी उघड होते. फार लहान मुलांचा पाय पेडलापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी उंची वाढवणारी जोडणी मिळते. ती उपलब्ध नसेल, तर पेडलाविना केलेल्या वादनाचे गुण कापणे अन्यायाचे ठरते.

रचनेची निवड

निवड बहुधा शिक्षकाची असते, तरी परिणाम मुलाला भोगावा लागतो. पियानोवर एका सप्तकाचा ताण सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असतो आणि लहान हातांना तो झेपत नाही. हातापेक्षा मोठी रचना घेतली की मनगट आखडते आणि सूर कर्कश होतो. शूमानने 1848 मध्ये, चायकोव्स्कीने 1878 मध्ये आणि पुढे बार्तोकने मुलांसाठी संग्रह रचले. त्यांतील छोटी रचना नीट उभी करणारा स्पर्धक, मोठ्या रचनेशी झगडणाऱ्या स्पर्धकाच्या वर ठेवावा. काठिण्यासाठी वेगळे गुण देण्याची पद्धत या वयोगटात घातकच आहे, कारण तिचा दबाव थेट पुढच्या वर्षीच्या निवडीवर येतो.

अनोळखी पियानो

घरचा सराव बहुधा उभ्या पियानोवर किंवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर झालेला असतो आणि स्पर्धा ग्रँड पियानोवर होते. उभ्या पियानोत हातोडी मागे आणायला स्प्रिंगचे साहाय्य लागते, ग्रँडमध्ये ती स्वतःच्या वजनाने खाली येते; त्यामुळे पट्ट्यांचा प्रतिसाद वेगळा लागतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगून सूर चढतात आणि पट्ट्याही अडकतात. गट सुरू होण्यापूर्वी परीक्षकाने तो पियानो स्वतः वाजवून पाहिला, तर वाद्याचा दोष वादकाच्या नावावर जमा होत नाही.

चुकलेला सूर

चुकीच्या सुरांची मोजदाद हे परीक्षण नव्हे. एखादा सूर निसटूनही स्वरवाक्य पुढे चालू राहिले, तर नुकसान अल्प असते. चूक सुधारण्यासाठी मागे जाऊन पुन्हा वाजवले, की ताल तुटतो. ते नुकसान मोठे. पाठ केलेली रचना विसरल्यावर पुढच्या भागातून सावरून उचल घेणाऱ्या मुलाच्या या कौशल्याची नोंद अभिप्रायात आवर्जून व्हावी.

गुण आणि क्रम

परीक्षेत प्रत्येकाची तुलना ठरलेल्या पातळीशी होते, स्पर्धेत स्पर्धकांची एकमेकांशी. 1889 मध्ये स्थापन झालेल्या एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळाच्या प्रत्यक्ष ग्रेड परीक्षेत 150 पैकी 100 गुणांना उत्तीर्ण, 120 ला मेरिट आणि 130 ला डिस्टिंक्शन मिळते. तेथे सगळेच विद्यार्थी डिस्टिंक्शन मिळवू शकतात. मुंबई, पुणे आणि गोव्यातील अनेक मुले या किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांतून शिकतात, त्यामुळे स्पर्धेचे गुणही पालक त्याच नजरेने वाचतात. प्रत्यक्षात स्पर्धेतील एक-दोन गुणांचा फरक केवळ क्रम लावण्यापुरता असतो.

निर्णयाच्या मर्यादा

ऐकणारा कान डोळ्यांपासून आणि थकव्यापासून मुक्त नसतो. चिया-जुंग त्से यांच्या 2013 मधील प्रयोगांत स्पर्धांच्या ध्वनिचित्रफिती लोकांना तीन प्रकारे देण्यात आल्या: केवळ आवाज, केवळ मूक चित्र आणि दोन्ही एकत्र. खरा विजेता ओळखणे मूक चित्रावरूनच सर्वाधिक साधले, आणि व्यावसायिक संगीतकारही याला अपवाद नव्हते. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेचे निकाल तपासून फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी 1996 मध्ये दाखवले, की चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या वादनक्रमाचाही अंतिम क्रमांकावर परिणाम होतो. आधी वाजवणाऱ्यांचे स्थान खालावण्याकडे कल असतो. जागतिक कीर्तीच्या परीक्षकांची ही गत असेल, तर एका दिवसात अनेक गट ऐकणाऱ्या एकट्या परीक्षकाने सावध राहायलाच हवे. पहिल्या दोन-तीन स्पर्धकांचे गुण पेन्सिलीने लिहून शेवटी पुन्हा तपासणे आणि वादन सुरू असताना बराच वेळ नजर स्वरलिपीवर ठेवणे हे दोन उपाय साधे आहेत.

लेखी अभिप्राय

मूल घरी घेऊन जाते तो कागद म्हणजे अभिप्राय. ‘छान, पण अधिक भाव हवा’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यातून सोमवारच्या सरावात काय बदलायचे ते कळत नाही. ‘दुसऱ्या ओळीत डावा हात हलका, पेडल प्रत्येक कॉर्डला नवे’ हे उपयोगी. एक साध्य झालेली गोष्ट, एक दोष आणि त्या दोषाचे कारण, इतके एका कागदावर मावते.

हितसंबंध

लहान शहरात शिक्षक, पालक आणि परीक्षक एकमेकांना ओळखतात, म्हणून परीक्षक बाहेरगावचा असावा. तसा मिळत नसेल, तर ज्या गटात स्वतःचा विद्यार्थी आहे त्या गटाचे परीक्षण शिक्षकाने करू नये आणि आयोजकांनी हा नियम प्रवेशपत्रावरच छापावा. वॉर्साच्या शोपाँ स्पर्धेतही परीक्षक आपल्या विद्यार्थ्याला गुण देत नाहीत.