छोटी लाइन गेली, तेलीबांधा मागे राहिले

रायपूरच्या सदर बाजारात लग्नाचे दागिने घ्यायचे, तर धमतरी, कुरूद, अभनपूरच्या मंडळींना एक स्वस्त सोय होती: ‘छोटी लाइन’. अडीच फुटी रुळांवरची गाडी तेलीबांधा स्टेशनात थांबली, की पिशव्या सावरत उतरायचे आणि रिक्षाने बाजार गाठायचा.

बंगाल-नागपूर रेल्वेची ही लाइन १९०० साली सुरू झाली. धमतरीकडचे लाकूड आणि धान रायपूरला आणणे हे तिचे मोठे काम. अभनपूरहून एक फाटा राजिमला जाई. माघी पुन्नी मेळ्याला भाविकांची तिथे रीघ लागे.

पुढे शहर रुळांच्या दोन्ही बाजूंनी वाढले. फाटक पडले, की वाहनांच्या रांगा लागत. लोकांची तक्रार खोटी नव्हती. २०१७ साली रायपूर ते केंद्री गाडी बंद झाली आणि त्याच जागेवर एक्स्प्रेस-वे आला.

मुंबईत लोकलसाठी नवी जागा मिळवताना किती घरे हलवावी लागतात! इथे मात्र मुख्य स्टेशनातून निघून शहराच्या पोटातून जाणारी पट्टी तयार होती. ती मोटारींना दिली.

३० मार्च २०२५ रोजी अभनपूरला मोठ्या रुळांवरची मेमू सुरू झाली. त्याच वर्षी ती राजिमपर्यंत गेली. गाडी चांगली आहे, पण जाते मंदिर हसौद आणि नवा रायपूरवरून. तेलीबांधा तिच्या वाटेवर नाही. सदर बाजाराला जायचे, तर आता मुख्य स्टेशनावरच उतरायचे.