घर तापवण्याचे बिल आणि कुएन्काची हवा

अमेरिकेतील मिनिआपोलिससारख्या शहरात निवृत्त जोडप्याला हिवाळ्यात घर तापवणे टाळता येत नाही. पेन्शन ठरलेली, गॅसचे बिल मात्र थंडीबरोबर वाढणारे. म्हणून काही अमेरिकन पेन्शनर दक्षिण अमेरिकेत, इक्वाडोरमधील कुएन्का शहरात जाऊन राहतात. तिथे बहुतेक घरांत ना हीटर, ना एअर कंडिशनर. हे कसे जमते ते आपण पाहू.

दोन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक पेला साध्या पाण्याच्या परातीत ठेवा, दुसरा बर्फाच्या पाण्याच्या. दुसरा लवकर निवतो. भोवतालाशी तापमानाचा फरक जितका जास्त, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते. घराचेही तसेच. गेलेली उष्णता भरून काढण्याचा खर्च म्हणजे आपले बिल.

समजा, घरात 18 अंश सेल्सिअस हवे आहे. मिनिआपोलिसची जानेवारीची सरासरी उणे 9 च्या आसपास. फरक 27 अंश. 31 दिवसांचे झाले 837 ‘अंश-दिवस’. कुएन्काची सरासरी सुमारे 15. फरक 3, महिन्याचे 93. घर तेच असेल तर नववा हिस्सा! तोही खिडकीतले ऊन, शेगडी आणि माणसांची अंगे (स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे 100 वॅट उष्णता देतो) बराचसा भरून काढतात. उरलेल्यासाठी स्वेटर.

आणि उन्हाळा? कुएन्का विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 3 अंशांवर आहे. ऊन वर्षभर जवळजवळ सारखेच, त्यामुळे महिन्यामहिन्यांतला फरक दोन-तीन अंशांचा. विषुववृत्ताजवळ असूनही उकडत नाही, कारण शहर सुमारे 2550 मीटर उंचीवर आहे. किलोमीटरला सहा अंश या पुस्तकी हिशोबाने ते याहून थंड हवे. पण उंचावरची विस्तीर्ण जमीन उन्हाने तापते आणि लगतच्या हवेला ऊब देते.

मात्र त्या उंचीवर प्रत्येक श्वासात प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे तीन-चतुर्थांशच मिळतो. हृदय किंवा फुफ्फुसे अधू असलेल्या वृद्धांनी बिलाआधी डॉक्टरांचा विचार घ्यावा, असे आम्हाला वाटते. आंघोळीचे पाणी तर तिथेही तापवावे लागतेच.

शिवाय इक्वाडोरची बरीचशी वीज धरणांवर अवलंबून. 2024 साली दुष्काळात पाउते नदीवरील माझार धरणाचे पाणी खूप खाली गेले आणि देशात काही काळ दिवसाला 14 तासांपर्यंत वीज बंद राहिली. कुएन्कातली घरे अंधारात होती, पण गारठली नाहीत. जानेवारीत मिनिआपोलिसला 14 तास वीज गेली, तर घरातील तापमानाचे काय होईल? गॅसच्या भट्टीलाही पंखा लागतो, हे लक्षात ठेवून विद्यार्थ्यांना अंदाज करायला सांगा.