कोलंबस निघालाच नसता तर?

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे पंडित मंडळी सांगतात. असेलही. पण ‘तर’ विचारल्यावाचून ‘का’चे उत्तर हाती लागत नाही, असा माझ्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाचा अनुभव आहे. म्हणून, श्रोतेहो, घटकाभर असे धरून चालू की, ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनच्या पालोस बंदरातून कोलंबसाची तीन जहाजे सुटलीच नाहीत. मग अमेरिका युरोपला अज्ञातच राहिली असती काय?

मुळीच नाही. आठ वर्षांनी ती सापडली असती, आणि तीही न शोधता! बार्तोलोमेउ दियास या पोर्तुगीज दर्यावर्द्याने १४८८ मध्येच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातला होता. हिंदुस्थानची वाट पोर्तुगालला त्या बाजूने दिसू लागली होती. तीसाठी कोलंबसाची गरज नव्हती. किनाऱ्याने खाली उतरताना वारे व प्रवाह आडवे येतात, म्हणून वास्को द गामाने १४९७ मध्ये अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे मोठा फेरा घेतला. त्याच वाटेने १५०० साली काब्राल तेरा जहाजांनिशी कालिकतकडे निघाला. तो थोडा अधिक पश्चिमेला गेला आणि २२ एप्रिलला ब्राझीलची भूमी समोर उभी!

याच्या उलट उदाहरण पाहा. नॉर्स खलाशी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर केव्हाच पोहोचले होते. त्यांनी तिथे तोडलेले लाकूड इ. स. १०२१ चे आहे, हे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. त्यातून पुढे काय झाले? काही नाही. त्यांच्यामागे ना राजाची तिजोरी होती, ना सावकार, ना छापखाना.

युनियनच्या कामात मला एक सवय जडली आहे. अमक्याने धरण बांधले असे कोणी म्हणाले की, काँक्रीट कोणी कालवले हे मी विचारतो. कोलंबसाबरोबर सुमारे नव्वद माणसे होती. जमीन प्रथम पाहील त्याला दरसाल दहा हजार मारावेदींचे इनाम जाहीर झाले होते. १२ ऑक्टोबरच्या पहाटे ‘पिंता’वरील पहारेकरी रोद्रिगो दे त्रियाना ओरडला, ‘जमीन!’ आदल्या रात्री आपल्याला उजेड दिसला होता, असे सांगून इनाम घेतले ते मात्र कोलंबसाने.

मग फरक काय पडला असता? माझ्या मते काळाचा, आणि तो थोडा नव्हे. ग्रानाडा १४९२ मध्येच जिंकल्यामुळे स्पेनकडे कामावाचून बसलेले शिलेदार होते. क्यूबा हाती आल्यावर तिथून कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोवर गेला; १५२० मध्ये देवीची साथ पसरली; १५२१ मध्ये राजधानी तेनोच्तित्लान पडली. साथ कोणाच्याही जहाजातून आलीच असती, कारण तिथल्या लोकांच्या अंगी तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. पण पोर्तुगाल सुमारे दहा लाख वस्तीचा देश. किनाऱ्यावर वखार घालावी, किल्ला बांधावा, ही त्याची रीत. साथ आणि स्वारी एकाच वेळी कोसळली नसती, तर तीस-चाळीस वर्षांत अझ्टेकांना सावरायला, घोडा आणि तोफ ओळखायला सवड मिळाली असती. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

गुलामगिरीच्या बाबतीत मात्र तर्कालाही फारशी जागा नाही. आफ्रिकेतून माणसे पकडून विकण्याचा धंदा पोर्तुगीजांनी १४४० च्या दशकातच मांडला होता. मदेराच्या बेटावर उसाचे मळे उभे होते, त्यांवर गुलाम राबत होते. ब्राझीलची जमीन दिसताच ऊस तिकडे गेला असता, आणि उसामागून ती माणसेही.

आपल्या ताटाचे म्हणाल, तर काजू मूळ ब्राझीलचा; त्याचे नावही पोर्तुगीजांच्या तोंडूनच गोव्यात आले. मिरचीच्या जातीही तिथे होत्या. तेव्हा ठेच्याला आपण मुकलो नसतो. फार तर तिखटाची जात बदलली असती.