आखूड नळी, लांब फाईल

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत आखूड नळीची रायफल नोंदवण्याचा दोनशे डॉलरचा कर शून्यावर आला. १९३४ मध्ये गुंडांच्या टोळ्यांना चाप लावायला बसवलेला हा कर नव्वद वर्षं जिथल्या तिथे होता. आता अर्ज भरा, फोटो आणि बोटांचे ठसे द्या, मंजुरी आली की सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल घरी ठेवा. राज्याची मनाई नसली म्हणजे झालं. अशा रायफलींचे व्हिडिओ बघून ‘आपल्याकडे नोंदवता येईल का?’ असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी आधी आपल्या कायद्याचं कलम ६ वाचावं.

शस्त्र कायदा १९५९ चा. परवान्याशिवाय बंदुकीची नळी कापून आखूड करायची नाही, असं हे कलम सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीआधी या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद होती. आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. विनापरवाना बंदूक नुसती बाळगली तर दोन ते पाच वर्षं. म्हणजे आजोबांच्या कायदेशीर बारा बोअरला घरी करवत लावणारा नातू गावठी कट्टा खिशात घेऊन फिरणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार ठरू शकतो. कलमात ज्या परवान्याचा उल्लेख आहे तो शस्त्रं बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांचा, शेतकऱ्याच्या लायसनात तो हक्क येत नाही.

इतकी कडक सजा का? लांब बंदूक लपवता येत नाही, हीच तिची सुरक्षितता. नळी कापली की ती सदऱ्याखाली मावते, मार मात्र जवळून तितकाच जीवघेणा. बाकी फायदा काहीच नाही. दारूच्या वायूला गोळी ढकलायला कमी लांबी मिळते, वेग घटतो, आवाज आणि जाळ वाढतो, नेम जातो. रानातल्या डुकरासाठी असली बंदूक कुचकामी. ती माणसासाठीच कापली जाते.

याच कायद्यात लांबीचं आणखी एक माप आहे, आणि ते शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही. कलम १३ म्हणतं : संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा. ठासणीच्या बंदुकीनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. नळीत पीळदार खाचा असलेली रायफल आणि कमरेचं पिस्तूल यांना मात्र ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. अपवाद नेमबाजी क्लबच्या सभासदाच्या पॉइंट टू-टू रायफलचा. कलम १४ तर आणखी पुढे जातं : पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन एकरवाला होता. आज लायसन कुणाच्या खिशात आहे ते वाचकांनी आपापल्या गावात पाहावं.

सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीच्या माणसाची फाईल कशी चालते? वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटरवर सोलापूरला. फॉर्म ए-१, वैद्यकीय दाखला, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, हाताळणीचं प्रशिक्षण. मग कागद पोलिसांकडे उतरतात, ठाण्यातून चौकशी होते आणि ते पुन्हा वर चढतात. २०१६ च्या नियमांत पोलिस अहवालाला तीस दिवस आणि त्यानंतर निर्णयाला साठ दिवस दिले आहेत. लायसन मिळालं तर पाच वर्षांचं, राष्ट्रीय नोंदीतल्या स्वतंत्र क्रमांकासह. एका माणसाला दोनच बंदुका, पूर्वी तीन चालत. वाड्यातली जुनी बंदूक नावावर करायला वडील जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. त्यांचं वय सत्तर झालं किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असली, की वारसाला अर्ज करता येतो.

आता बिबट्या. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये बिबट्यानं घेतलेल्या बळींनंतर उसाच्या पट्ट्यात बंदुकीची मागणी होणं समजण्यासारखं आहे. टेंभुर्णीला हे नवं नाही. शेजारच्या करमाळा तालुक्यात डिसेंबर २०२० मध्ये एका बिबट्यानं तीन जीव घेतले. १८ डिसेंबरला उजनीच्या पाणलोटाकडच्या वांगी परिसरात अकलूजचे धवलसिंह मोहिते-पाटील यांनी त्याला गोळी घातली. ते उत्तम नेमबाज, पण गोळी सुटली ती वनखात्याच्या आदेशानं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकाकडून यावा लागतो. अंगावर आल्यावर जीव वाचवणं वेगळं, बांधावर दबा धरून बसणं वेगळं. बंदुकीचं लायसन हा शिकारीचा परवाना नाही. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज दिली, तर पाणी द्यायला अंधारात रानात जावं लागणार नाही आणि बंदुकीपेक्षा जास्त जीव वाचतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

लायसनांचा खरा आजार वेगळाच आहे. सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमधली परवान्यांची यादी निघाली, तेव्हा एका जिल्ह्यात बाराशेवर परवाने आढळले आणि शंभरावर रद्द करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातल्या कुख्यात गुंडाच्या भावाला गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात परवाना मंजूर केल्यावरून गदारोळ झाला. अपिलाची तरतूद गैर नाही. सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर सामान्य माणूसही पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जाऊ शकतो. पण मोठ्या गाडीत पिस्तूल ही मिरवायची चीज झाली आहे. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद करावी लागली, ती उगाच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यानं दर तिमाहीला जाहीर करावं : अर्ज किती आले, मंजूर किती, नाकारले किती, आणि का. आणि ज्याला खरंच गरज आहे त्यानं एजंटाच्या नादी लागू नये. अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागावं, तो कलम १४ नं दिलेला हक्क आहे. घरात जुनी बंदूक असेल तर तिचं नूतनीकरण तारखेआधी करा, आणि तिच्या नळीला हात लावू नका.