दार उघडलं की कान द्या

शेलूबाजारच्या चौकातून थोडं आत गेलं की माझं गॅरेज आहे. जवळूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि माझ्या दारातल्या गाड्या बदलल्या. पूर्वी जीप, पिकअप, ट्रॅक्टर यायचे. आता क्लचचं पेडलच नसलेल्या लहान गाड्या दोर बांधून ओढत आणतात.

गेल्या मे महिन्यात भरदुपारी मंगरुळपीरकडचे एक निवृत्त गुरुजी तसेच आले. टोलनाक्यावर गाडी थांबवली, ती तिथेच राहिली. "भाऊ, गिअरच पडून नाही राह्यला. एन नुसता लुकलुकते," म्हणाले. गिअर टाकणारा अख्खा संच पंपासकट बदलावा लागेल, असं त्यांना एका ठिकाणाहून फोनवरच सांगितलं होतं. रक्कम ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गाडी न बघता कुणी एवढा मोठा निकाल दिला की मला राग येतो, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच.

या गाड्यांना लोक सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. आतला गिअरबॉक्स मात्र साधा, मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं, म्हणून एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या गाडीत हे पहिल्यांदा २०१४ च्या फेब्रुवारीत सेलेरिओमधून आलं. त्यातली यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मारेलीची. क्विडसारख्या काही गाड्यांत हे काम थेट विजेच्या मोटरी करतात, तिथे तेल नाही आणि पंपही नाही. मी सांगतोय ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गाड्यांचं.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावायला मी पाठीवरचा फवारणीचा पंप पुढे करतो. दांडा वरखाली केला की औषध आधी आतल्या छोट्या डब्यात जातं, तिथली हवा दाबली जाते, आणि हात क्षणभर थांबला तरी फवारा सुरू राहतो. गाडीत दांड्याच्या जागी विजेची मोटर आणि तिला जोडलेला छोटा पंप. डब्याच्या जागी मुठीत मावेल असा लोखंडी गोळा, अ‍ॅक्युम्युलेटर. त्याच्या आत पडदा असतो. एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल. दाब साधारण ४० ते ५० बार. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज करा. कॉम्प्युटरचा हुकूम आला की सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतात आणि हे दाबलेलं तेल क्लच ओढतं, गिअर सरकवतं. दाब उतरला की पंप पुन्हा काही सेकंद चालतो.

गुरुजींच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार मी उघडलं आणि थांबलो. रात्रभर उभ्या गाडीत दाब उतरलेला असतो, म्हणून दार उघडताच पंप आपोआप चालतो आणि बॉनेटखालून बारीक 'घुंऽऽ' येतं. कित्येकांना तो बिघाड वाटतो. उलट, तो आला नाही तर काळजी करायची. इथे काहीच आलं नाही.

अशा वेळी पहिला हात बॅटरीला. पंपाची मोटर सुरू होताना एकदम बराच करंट ओढते. बॅटरी मरगळलेली असेल किंवा अर्थिंगच्या वायरीला गंज असेल तर चांगला पंपही गप्प बसतो. मग फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर. तिथे १२ व्होल्ट पोचूनही मोटर हलत नसेल तर मोटरच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलकं ठोकून बघायचं. ठोकल्यावर चालली, तर आतले कार्बन ब्रश झिजलेत.

वीज आधी बघायची हे मी गॅरेजात शिकलो, पण ती न बघण्याची किंमत थोरामोठ्यांनाही मोजावी लागलीय. १९८९ साली फेरारीने शर्यतीच्या गाडीत असाच तेलाच्या दाबावरचा गिअरबॉक्स आणला. ब्राझीलची पहिलीच शर्यत त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेल याने जिंकली, आणि नंतर गाडी वारंवार बंद पडू लागली. सगळा दोष गिअरबॉक्सवर. शोधल्यावर कळलं की अल्टरनेटरचा पट्टा निसटत होता आणि गिअरबॉक्सला वीजच मिळत नव्हती.

गुरुजींच्या गाडीचा रिले काढला, तर काळवंडलेला. त्याच नंबरचा दुसरा लावला आणि पंप बोलला. गुरुजी उठून चपला घालायला लागले. मी म्हटलं, "बसा गुरुजी, हा जळला कशानं ते बघू."

इंजिन बंद, स्विच ऑन, पाय ब्रेकवर. नुसतं थांबून ऐकलं, पंप गप्प. म्हणजे तेल कुठे झिरपत नव्हतं. गिअर न बदलताच पंप पुन्हापुन्हा चालला असता तर व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय असं समजलो असतो. मग न्यूट्रल आणि ड्राइव्ह, एन आणि डी, एन आणि डी करत गेलो. दर खेपेला पंप धावत होता. गोळ्यातला नायट्रोजन गेला होता. साठाच नाही, म्हणून प्रत्येक गिअरला पंपाला हजर व्हावं लागत होतं. त्या हजेरीत रिले जळला. आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर मोटरही गेली असती. पंपाचा आवाज सारखा येतो, हे गुरुजींना दिवाळीपासून जाणवत होतं.

स्कॅनरने आधी दाब उतरवला. ४०-५० बारचा पाइप तसाच उघडला तर तेल डोळ्यांत जाऊ शकतं, म्हणून हे काम घरी कुणी करू नये. गोळा बदलला, तेल भरलं, हवा काढली आणि क्लचचं लर्निंग केलं, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवलं, नाहीतर गाडी झटके देते. तेलही कंपनीने सांगितलेलंच. पातळी कमी दिसली म्हणून कुणी ब्रेक ऑइल ओततं, त्याने सीलं फुगतात आणि मग खरोखरच अख्खा संच बदलावा लागतो.

पातूरच्या घाटात चढावर थांबलात तर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. नाहीतर क्लच जळतो. आणि उद्या सकाळी दार उघडाल तेव्हा कान द्या, पंप किती सेकंद चालला ते मोजा आणि डॅशबोर्डातल्या वहीत तारखेसह लिहा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. सेकंद वाढले असतील तर ती वही मेकॅनिकला दाखवा, आणि गाडी तपासल्याशिवाय पंप बदलायला हो म्हणू नका. गुरुजींच्या गाडीत आजही तोच जुना पंप आहे.