हात न उचलताही

बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणाऱ्या आजाराचं, निदान कानावर पडलं की आईवडिलांच्या मनात पहिली शंका येते, ‘आमचं काही चुकलं का?’ जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ६० ते ८५ टक्के निघतो. म्हणजे केवळ घरातल्या वागण्यानं हा आजार होतो, असं म्हणता येत नाही. पण बालपणाचा संबंधच नाही, असंही नाही.

मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१६ साली १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. बालपणी छळ किंवा आबाळ झाल्याचं सांगण्याची शक्यता बायपोलर रुग्णांत इतरांच्या अडीच पटींहून जास्त निघाली. भावनिक छळाच्या बाबतीत ती चौपट होती. आपल्याकडे नेमका हाच प्रकार छळात धरत नाहीत. ‘आम्ही कधी हात उचलला नाही,’ असं वडील खरंच सांगतात. पण ‘तुझ्यापेक्षा दगड जन्माला आला असता तर बरं’ हे पोरानं रोज जेवताना ऐकलेलं असतं.

अशा घरात पुढच्या क्षणी काय होईल याचा नेम नसतो. मूल कायम सावध राहतं आणि ताण आला की कॉर्टिसॉल सोडणारी शरीराची यंत्रणा बिघडते. कुणात ती चटकन पेटते, कुणात मंदावते. मोठेपणी साधं भांडणही झोप उडवतं. बायपोलरमध्ये झोप हीच नाजूक जागा. दोन-तीन रात्री जागून काढल्या, की उन्माद चढतो: पहाटे चारला नातेवाइकांना फोन आणि नव्या धंद्याच्या योजना सुरू.

जखमी बालपण असलेल्यांत आजार लवकर सुरू होतो, झटके वारंवार येतात आणि आत्महत्येचे प्रयत्नही जास्त दिसतात.

इथे एक गुंता आहे, आणि तो घाईनं सोडवू नये. आईला किंवा वडिलांना हाच आजार असेल, तर जनुकंही त्यांच्याकडूनच येतात आणि घरही त्यांच्याच आजारानं विस्कटलेलं असतं. मग कशाचा किती वाटा? शिवाय बालपण कळतं ते रुग्णाच्या आठवणींतूनच, आणि नैराश्यात जुन्या आठवणी अधिक काळ्या दिसतात.

उपचारांत क्रम महत्त्वाचा. आधी लिथियमसारखी औषधं आणि झोपेची ठरलेली वेळ. मूड स्थिरावल्यावर बालपणाचा विषय, तोही प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर. भर उन्मादात जुनी जखम उकरली तर उरलीसुरली झोपही जाते. आणि समुपदेशन सुरू झालं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.